सातव्या मजल्याचा स्टॉप

"मत नसलं तरी ढुंगण आहे ना तुला? मग चल, खुर्ची भर."

असं म्हणून काकांनी मला रहिवाशांच्या सभेला नेलं. आयुष्यात मला कुणी दिलेलं ते पहिलं पद. खुर्ची भरणारा. त्याआधी शाळेत चौथीची सतरंजी भरत होतो, पण तिथून मास्तरांनीच उठवलं. म्हणाले, तू इतकी वर्षं बसलास तर मागच्या पोरांनी कुठं बसायचं?

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. मी सिंगापूरला होतो, तुआसच्या यार्डात वेल्डर. गावाकडं फोन केला की 'जहाजावर आहे' असं ऐटीत सांगायचो. जहाजाच्या पोटात उकिडवा बसून ठिणग्या खातो, हे कशाला सांगायचं? आईनं सगळ्या गावात करून टाकलं होतं की पोरगा कप्तान झालाय.

राहायला क्वीन्सटाउनला, जुन्या सरकारी इमारतीत, काकांच्या फ्लॅटमधली एक खोली. काका म्हणजे माझे घरमालक. जन्म तिथलाच. वडील इंग्रजांच्या छावणीत शिंपी म्हणून कोकणातनं गेलेले. मराठी त्यांना आईकडून मिळालेलं आणि ते तिथंच थांबलेलं. बसला ते मोटार म्हणायचे, शर्टाला सदरा, आणि मधेच मलय भाषा घुसायची. काही बिनसलं की "आलामाक!" म्हणजे आपलं 'अरे देवा'. बायको गेलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात, घरात ते आणि मी. माझ्यापेक्षा त्यांचा जीव इमारतीवर जास्त होता, आणि ते बरोबरच होतं. इमारत घोरत नव्हती.

नोकरीत असताना ते बसचे इन्स्पेक्टर. मधल्याच स्टॉपवर चढायचे, तिकिटं तपासायचे, ड्रायव्हर-कंडक्टर नीट वागतात का बघायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, पण टोपी सुटली नव्हती आणि गळ्यातली शिट्टीही सुटली नव्हती. सकाळी चहा झाला की टोपी घालून लिफ्टपाशी उभे. माणसं शिरायला लागली की, "आत सरका, मधे मोकळं आहे!" चिनी माणसाला चिनीतून, मलय माणसाला मलयमधून, तमिळ बाईला तिच्या भाषेतून. कुणी काही बोललं की मला ते लगेच मराठीत सांगायचे, म्हणून मला सगळ्यांचं बोलणं मराठीतच आठवतं. लिफ्टमध्ये चार माणसं मावायची मारामार, त्यात मधे मोकळं कुठनं असणार? पण लोक सरकायचे. मीपण सरकायचो. एकदा इतका सरकलो की शेजारणीच्या भाजीच्या पिशवीत माझा पाय गेला आणि दिवसभर यार्डात सगळे मला विचारत होते, तुला कोथिंबिरीचा वास का येतोय?

त्यांचं म्हणणं एकच. "लिफ्ट म्हणजे काय रे? उभी मोटार. आणि जी मोटार स्टॉपवर थांबत नाही ती मोटार कसली?"

हे ते का म्हणायचे ते सांगतो. त्या जुन्या इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायची नाही. आमच्याकडं पहिल्यावर, पाचव्यावर आणि नवव्यावर. तिथला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. बाकीच्यांनी जवळच्या स्टॉपला उतरायचं आणि जिना चढायचा नाहीतर उतरायचा. बांधली तेव्हा माणसं तरणी होती, कुणाला काही वाटलं नाही. मग इमारत म्हातारी झाली आणि आतली माणसंपण. आता गंमत बघा, काका पाचव्यावर राहायचे. लिफ्टचं दार त्यांच्या अगदी समोर. त्यांना स्वतःला काही एक त्रास नव्हता. ज्याच्या दारात मोटार थांबते तोच माणूस दुसऱ्यांच्या स्टॉपसाठी भांडतोय, असं मी तरी पहिल्यांदाच बघितलं. मी असतो तर दार लावून झोपलो असतो. खरं म्हणजे मी झोपलेलोच होतो, त्यांनी शिट्टी वाजवून उठवलं.

दुसरं त्यांचं एक हत्यार होतं. कुणी काही तक्रार केली, जिन्यात अंधार आहे, गटाराला वास येतो, की काका फक्त विचारायचे, "सांगितलंस का?"

"कुणाला सांगायचं काका?"

"ज्याचं काम आहे त्याला. सांगितलंस का?"

नाही म्हणलं की बोलणं संपलं. स्वतः मात्र ते सांगायचे. दिवा गेला की सकाळी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, फोन. दिवा येईपर्यंत रोज फोन. आवाज चढवायचे नाहीत, शिव्या नाहीत, फक्त, "गुड मॉर्निंग, तिसऱ्या मजल्याचा दिवा अजून झोपलेला आहे." फोन घेणारी पोरगी त्यांना आवाजावरून ओळखायची.

एकदा काकांना ताप आला आणि फोन गेले नाहीत. तर त्या पोरीचाच फोन आला! मी उचलला. मला इंग्रजी तेव्हा तीनच येत होतं. यस बॉस, नो बॉस आणि सेफ्टी फर्स्ट. शेवटचं यार्डात रोज सकाळी रांगेत उभं करून ओरडायला लावायचे, म्हणून पाठ. ती म्हणाली, "अंकल ओके?" मी म्हणलं, "नो बॉस." ती घाबरली, काहीतरी भराभर विचारायला लागली. मला काही कळेना. म्हणलं आता गप्प राहिलो तर गावंढळ दिसेन, म्हणून ठणकावून सांगितलं, "सेफ्टी फर्स्ट!" दुपारी कौन्सिलचा माणूस दारात, हातात पपई. काकांनी तापातच त्याला जिन्याच्या कठड्याची सुटलेली पट्टी दाखवून घेतली.

त्यांच्या नादानं मीपण यार्डात एकदा सांगून बघितलं. पाण्याचा कूलर बंद होता, सगळे आपापसात कुरकुरत होते. मी फोरमनकडं गेलो आणि हातवारे करून सांगितलं. कूलर दुरुस्त झाला. आणि तो रोज धुवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काकांना सांगितलं तर छाती फुगवून म्हणाले, "शाबास लेका. आता तो कूलर तुझा झाला." मला नको होता हो.

आता माकचिकचं सांगतो, कारण तिच्याशिवाय काकांचं चित्र अर्धंच. माकचिक म्हणजे मलयमध्ये मावशी. सातव्या मजल्यावर एकटी राहायची. मुलगा लग्न करून पासिर रिसला गेलेला, धाकटी मुलगी नोकरीमुळं दुसरीकडं. एके दिवशी ती घरात पडली, अँब्युलन्स आली, आणि दवाखान्यातून परत आल्यापासून तिचे पाय तिचं ऐकेनात. घरात भिंत धरून चालायची, पण लिफ्ट पाचव्यावर आणि ही सातव्यावर. मधे दोन मजले जिना. झालं, तिचं जग तेवढंच राहिलं. मुलगा यायचा, म्हणायचा, आई, मी उचलून नेतो. ती म्हणायची, "मी काय तांदळाचं पोतं आहे?" कुणाला हात लावू द्यायची नाही.

तिच्या धाकट्या मुलीचं लग्न याच इमारतीखाली झालं. इमारतीखालचा तो मोकळा मजला, तिथं त्याला व्हॉइड डेक म्हणतात, तिथं मलय लोक मांडव घालून लग्न लावतात. खाली ढोल, बिर्याणीच्या परातीच्या पराती, सगळी इमारत जेवायला. आणि नवरीची आई सातव्या मजल्यावर कठड्याला धरून उभी. उचलून नेऊ देईना आणि उतरता येईना. नवरी नटूनथटून वर गेली, पाया पडून आली. मी खाली दोनदा जेवलो. काका एकदापण जेवले नाहीत. मान वर करून बघत होते. मग घरी जाऊन लाल घडीचं स्टूल काढलं, आणि त्या दिवसापासून ते स्टूल त्यांच्या काखेत. आधी जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवून बघितली होती, माकचिक कधी उतरली तर टेकायला. पण आग लागली तर जिना मोकळा पाहिजे, असा नियम होता, झाडूवाल्यानं ती खाली नेली. काका भांडले नाहीत. म्हणाले, "नियम बरोबर आहे. मग वळणावर मीच उभा राहीन, स्टूल घेऊन."

मग ती सभा झाली. सरकारची योजना आलेली, प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबेल असं काम करायचं. पण अट होती. मतदान होणार, आणि शंभरातली पंच्याहत्तर घरं हो म्हणाली तरच काम. मत फक्त तिथल्या नागरिकांना. मी परमिटवरचा माणूस, मला मत नाही. म्हणून मग ते खुर्ची भरायचं काम. सभेला माणसंच येत नव्हती, रिकाम्या खुर्च्या बघून योजनेचे सरकारी साहेब काय म्हणतील ही काकांना काळजी. मी गेलो ते करी पफ, म्हणजे तिथल्या तिखट करंज्या, फुकट होते म्हणून, हे इथंच कबूल करतो. इतके खाल्ले की साहेब नकाशा दाखवत असताना डोळा लागला. काकांनी लाथ मारली, मी दचकून उभा राहिलो, आणि साहेबांना वाटलं मला प्रश्न आहे. सगळी सभा माझ्याकडं वळली.

"यस सर?"

मी काय करणार? म्हणलं, "सेफ्टी फर्स्ट."

साहेब खूश. म्हणाले, फार चांगला मुद्दा. आणि काम चालू असताना धूळ, आवाज, पोराबाळांची काळजी कशी घेणार, यावर बराच वेळ बोलले. बाहेर पडताना दोन बायका मला येऊन विचारत होत्या, तुम्ही इंजिनीअर का? मी म्हणलं, यस बॉस.

पण त्या सभेतच कळलं की गाडं कुठं अडणार. दुसऱ्या मजल्यावर एक चिनी अंकल राहायचे, मार्केटात त्यांचा मासळीचा गाळा. खालच्या दोन-तीन मजल्यांत त्यांचा शब्द चालायचा. ते उठून म्हणाले, "मी लिफ्टमध्ये चढतच नाही. धूळ माझ्या दारात, आवाज माझ्या डोक्यावर, वर खर्चाचा वाटा. कशासाठी?" खरं होतं त्यांचं. काका त्यांच्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बरं झालं तू आलास. नाही म्हणायचं तर सभेत येऊनच म्हण." अंकल म्हणाले, विचार करतो.

तो विचार चालू असतानाच मी माती खाल्ली. माती नाही, संत्रं.

चिनी लोकांचा एक महिना असतो, त्यात मेलेल्यांचे आत्मे फिरतात म्हणतात. लोक संध्याकाळी इमारतीच्या कडेला गवतावर उदबत्त्या लावतात, भात, फळं ठेवतात. मला हे माहीत नव्हतं. मी तुआसच्या लॉरीतून उतरलो, पोटात कावळे, आणि समोर उदबत्तीचा वास, केळीच्या पानासारख्या कागदावर संत्री. मला वाटलं कुणाकडं पूजा झालीय आणि प्रसाद ठेवलाय. आपल्याकडं देवासमोर ठेवलेलं शेवटी वाटतातच की. आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. मी चपला काढल्या, हात जोडले, एक संत्रं उचलून कपाळाला लावलं आणि तिथंच उभ्यानं खाल्लं. बिया थुंकल्या नाहीत, खिशात घातल्या. थुंकलं की दंड होतो, एवढं मला येत होतं.

वरून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून असा आवाज आला की उरलेली फोड घशातच राहिली. मासेवाले अंकल. संत्री त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मार्केटात झालं. पाचव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचा भाडेकरू मेलेल्यांचं खातो. आणि अंकलनी जाहीर करून टाकलं, "ह्या लोकांना लिफ्ट पाहिजे? माझं मत नाही." त्यांच्यामागं खालचे मजले डुलायला लागले.

काकांना कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढली, शिट्टी काढली, दोन्ही टेबलावर ठेवली आणि लाल स्टुलावर बसून राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हणलं, "काका, मी खोली सोडू का?"

"कशाला?"

"माझ्यामुळं माकचिक वरच अडकणार."

"त्याला सांगितलंस का, की तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मग चल."

रविवारी सकाळी संत्र्यांची जोडी घेतली. दोन पाहिजेत, एक चालत नाही, आणि दोन्ही हातांनी द्यायची, हे काकांनी शिकवलं. मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन वाकलो ते इतका वाकलो की डोकं जाळीच्या दारावर आपटलं. काका मलयमध्ये सांगत होते, ह्याच्या गावात देवापुढचं सगळ्यांना वाटतात, ह्याला वाटलं तसंच आहे. अंकलनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाले, "माझी माफी कशाला मागतो? माझं नाही खाल्लंस. ज्याचं खाल्लं त्याची माग. आता तो तुझ्यामागून फिरेल."

मी मागं वळून बघितलं. आमच्या गावातली भुतं मला माहीत आहेत, ती निदान मराठी तरी बोलतात. ह्याच्याशी मी काय बोलणार? यस बॉस?

"कुणाचं होतं ते?" काकांनी विचारलं.

अंकल म्हणाले, "घरच्यांचं तर ठेवतोच. पण जुनी गिऱ्हाइकं जातात, त्यांचं कोण ठेवणार? म्हणून त्यांच्यासाठी मी एकेक फळ ठेवतो. ते संत्रं सातव्या मजल्यावरच्या मलय बाईचं होतं. रोज सकाळी यायची, प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघायची, कधी भांडल्याशिवाय घेतला नाही. मग एक दिवस अँब्युलन्स आली आणि त्यानंतर ती कधी दिसली नाही. मुसलमान होती, तिला चालतं की नाही माहीत नाही. पण ठेवतो."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी काकांकडं. काकांनी गळ्यातली शिट्टी चाचपली, ती घरी राहिली होती.

"चल," ते अंकलना म्हणाले. "हा माफी मागणार आहे तिची. तूपण चल."

"कुठं?"

"चल तर."

अंकल लिफ्टमध्ये शिरले ते चोरासारखे. इतक्या वर्षांत वर आलेच नव्हते. पहाटे मार्केट, दुपारी झोप, दुसरा मजला, जिना. खाली तिच्या मुलीचं लग्न झालं त्या दिवशीपण ते गाळ्यावरच होते. पाचव्यावर उतरलो आणि जिना चढायला लागलो. वळणावर अंकलना दम लागला, काकांनी स्टूल उघडून दिलं. ते बसले, वर बघितलं, अजून एक मजला. मग पुन्हा चढले.

माकचिकनं भिंत धरत धरत येऊन दार उघडलं. अंकल पाठीमागच्या भिंतीला टेकले. चेहरा पांढराफटक.

माकचिक म्हणाली, "काय रे, गाळा बंद झाला का? इकडं कुठं?"

काकांनी सगळं सांगितलं, संत्र्यासकट. ती ऐकत होती, आणि मग हसायला लागली. दाराला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, "मेले असते तरी तुझ्याकडचं काही घेतलं नसतं. शिळंच दिलं असतंस!"

अंकल एकदम चवताळले. "माझा मासा शिळा? कधी? कधी दिला शिळा?" आणि दोघं भांडायला लागले. किती वर्षांचं भांडण राहिलं होतं कोण जाणे. मी मधे संत्री घेऊन उभा. शेवटी वाकून म्हणलं, "तुमचं संत्रं मी खाल्लं. माफ करा." काकांनी मलयमध्ये सांगितलं.

तिनं विचारलं, "गोड होतं का?"

मी म्हणलं, "होतं."

"मग झालं तर."

उतरताना अंकल एकच वाक्य बोलले. "इथंच होती. माझ्याच डोक्यावर." आणि शेवटच्या पायरीवर काकांना विचारलं, "तिला मासा आता कोण आणून देतं?" दुसऱ्या दिवसापासून पापलेट सातव्या मजल्यावर जायला लागला. वाहून नेणारा मी. तिनं कल्ले उघडून बघायचे, नावं ठेवायची, ती नावं खाली अंकलना पोचवायचो, त्यांच्या शिव्या वर पोचवायचो. दोन्ही भाषा मला येत नव्हत्या, म्हणून निरोप अगदी जसेच्या तसे जायचे.

मतदानाचं मात्र अंकल काही बोलले नाहीत, आणि काकांनी विचारलं नाही. मी म्हणलं, "विचारा की." काका म्हणाले, "मत त्याचं आहे. मी फक्त एवढंच बघणार की तो खाली येऊन टाकतो." सगळ्या इमारतीत दार ठोठावून हेच सांगत फिरले. हो म्हणा असं कुणालाच नाही. फक्त, "खाली या."

मतदान व्हॉइड डेकवर. टेबल, पेटी, कौन्सिलची पोरगी. काकांनी सभेत आधीच विचारून ठेवलं होतं, ज्यांना लिफ्ट पाहिजे तीच माणसं खाली उतरू शकत नाहीत, त्यांनी मत कसं टाकायचं? पोरगी म्हणाली होती, आम्ही वर येऊ की. आणि खरंच ती सातव्या मजल्यावर चढून गेली. तर माकचिक नवा कोरा पोशाख घालून, डोक्याला रुमाल बांधून तयार. म्हणाली, "सगळे खाली टाकतात ना? मीपण खालीच टाकणार."

"उचलून नेऊ?" मी पुढं झालो.

"हात लावशील तर बघ."

आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मग खालच्या पायरीवर. मग त्याच्या खालच्या. एकेक पायरी, बसून, कठडा धरून. नवा पोशाख जिना पुसत चाललेला. काका पुढं, स्टूल घेऊन, वळणावर उघडून उभे. ती स्टुलावर बसायची, दम घ्यायची, पुन्हा पायरीवर. मधल्या मजल्यावरची दारं उघडली. एक पोर विचारत होतं, नेनेक काय करतेय, आजी काय करतेय, आणि त्याची आई म्हणाली, व्होटिंग लाह, म्हणजे व्होटिंग की.

पाचव्यावर पोचलो तर लिफ्टचं दार उघडं. आत मासेवाले अंकल, बटण दाबून धरलेलं. किती वेळ धरलं होतं देव जाणे, खाली लोक बोंब मारत होते. काकांनी शिट्टी वाजवली. "आत सरका, मधे मोकळं आहे!" त्या दिवशी खरंच होतं.

खाली रांग होती. लोक बाजूला झाले. माकचिक म्हणाली, "रांग आहे ना? मग मी रांगेत." लाल स्टुलावर बसून, पुढचा सरकला की स्टूल सरकवून, अशी ती टेबलापर्यंत गेली. काका टेबलापासून लांब उभे, नियमाप्रमाणे, शिट्टी दातात चावत. तिनं मत टाकलं. तिच्या मागं अंकल होते, त्यांनीपण टाकलं. बाहेर आले, काकांकडं बघितलंपण नाही.

आणि माकचिक आमच्याकडं वळून म्हणाली, "आता उचला. खाली मी माझी आले. वर तुम्ही न्या."

एका बाजूनं अंकल, एका बाजूनं मी. पाचव्यापासून सातव्यापर्यंत, हातांची खुर्ची करून. मला मत नव्हतं, पण त्या दिवशी त्या इमारतीतलं एक मत माझ्या मनगटावर बसलं होतं. वळणावर अंकल धापा टाकत म्हणाले, "हेवी लाह!" माकचिक म्हणाली, "तुझेच मासे आहेत."

निकाल व्हॉइड डेकवरच सांगितला. हो. पंच्याहत्तरच्या वर आरामात. लोक टाळ्या वाजवत होते, मी तर नाचलो आणि करी पफच्या टेबलावर पडलो. काका कुठं दिसेनात. वर गेलो तर फोनवर होते. "गुड इव्हनिंग. होय, ऐकलं, थँक्यू. दुसऱ्या मजल्याचा दिवा झोपलेला आहे. मासेवाल्याच्या दारातला."

काम पुरं व्हायला वेळ लागला. तोवर माझं परमिट संपलं, मी गावी आलो. ती लिफ्ट मी बघितली नाही. पण एक दिवस फोन आला. काका. "ऐक," एवढंच म्हणाले. मग लिफ्टच्या दाराचा आवाज. शिट्टी. आणि काका ओरडले, "सातवा! उतरणारे उतरा, चढणारे चढा!" मग चपला घासत चालल्याचा आवाज, सावकाश, आणि माकचिकचा आवाज, काहीतरी रागानं. मी विचारलं, काय म्हणतेय? काका म्हणाले, "म्हणतेय, आत सरका कशाला, मी एकटीच आहे. म्हणतेय मासेवाला खाली वाट बघतोय, आज स्वतः कल्ले बघणार." आणि मग काका म्हणाले, "तुझी खुर्ची भरलेली उपयोगी पडली, लेका."

मी म्हणलं, "सेफ्टी फर्स्ट, काका."

आमच्या गावात ग्रामसभा असली की शिपाई घरोघर येऊन सह्या घेऊन जातो. सभा झाली असं लिहायचं, कुणी जायचं नाही, कुणी बोलवायचं नाही. मला इथं मत आहे, जन्मापासूनच म्हणा ना, पण मी कधी त्या सभेला गेलो नव्हतो. त्या फोननंतरच्या सभेला शिपाई दारात आला, मी सही केली नाही. घरातली प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली आणि पंचायतीकडं निघालो. आमच्या पाण्याच्या टाकीला चढायला पायऱ्या नाहीत, म्हाताऱ्या बायका घसरतात, ते सांगायचं होतं.

पंचायतीचं दार बंद. ग्रामसेवक बाहेर चहा पीत उभे. म्हणाले, "अरे कप्तान, खुर्ची कशाला आणलीस? इथं कुणी बसत नाही."

मी खुर्ची दारासमोर मांडली आणि बसलो.

"बसायलाच आलोय," म्हणलं. "दार उघडा."